फळीवरच्या अकरा पाचरी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पाणसळी बनवण्याचा, आज माझ्या कारखान्याच्या ऑफिसात बसून, कोणाच्या धाकाने वा भरीला पडून नव्हे तर आपखुशीने, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. माझं मन ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात माझी एक पुस्ती अशी की, मन ठिकाणावर असणं वेगळं आणि सरळ असणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीचा दाखला मी मागितला होता. डॉक्टर हसले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ज्यांना आमचा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाणसळ म्हणजे भिंत, फरशी, टेबल सरळ आहे की नाही हे सांगणारं साधन. एक पट्टी, पट्टीत काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबला की समजावं, सरळ आहे. बुडबुड्याला मालक कोण आणि नोकर कोण हे कळत नाही, म्हणून लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात.

आमच्या कारखान्याचा एक नियम या कागदालाही लागू राहील. इथे खाडाखोड करत नाहीत. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची.

कलम एक. याआधी मी केलेली चारही मृत्युपत्रं रद्द समजावीत. पहिलं माझी धाकटी मुलगी आठ दिवस राहून गेली त्या संध्याकाळी लिहिलं होतं, आणि सगळं तिला दिलं होतं. दुसरं थोरल्या मुलाने मला डोळ्यांच्या ऑपरेशनला नेऊन आणलं त्या दिवशीचं. तिसऱ्यात पुतण्याचं नाव आहे. तो फक्त मोठ्या आकाराच्या मऊ चपला घेऊन आला होता. चौथं कोणाच्या नावे होतं ते मला आता आठवत नाही. चारही एकापाठोपाठ वाचून माझी पत्नी म्हणाली, "तुमच्या मृत्युपत्रात नाव यायला फार काही करावं लागत नाही. सगळ्यात शेवटी भेटून जायचं." म्हणून हे पाचवं मी पंधरा दिवस कोणालाही न भेटता लिहायला घेतलं आहे. चपला मात्र पायात आहेत.

कलम दोन. राहतं घर आणि बँकेतली निम्मी शिल्लक माझ्या पत्नीला, उरलेली निम्मी धाकटीला. पत्नीच्या वाट्याला मी सात अटी घातल्या होत्या. तिने त्या चष्मा लावून वाचल्या आणि विचारलं, "या अटी मोडल्या की नाही हे बघायला कोण येणार? तुम्ही?" अटी रद्द. सही.

कलम तीन. कारखान्याच्या मागच्या शेडमधलं मोठं यंत्र माझ्या जुन्या भागीदाराला देण्यात यावं. नळीत पाणी भरण्याचं काम ते आपोआप करणार होतं. पहिल्या आठवड्यात त्याने दोनशे नळ्या फोडल्या. भागीदार म्हणाला, "विकून टाक, अजून कोणीतरी घेईल." मी म्हटलं, एवढं घातलंय त्यात, आता कसं विकू? मग त्याला नवा पंप बसवला, पंपासाठी वेगळी वीज घेतली, विजेसाठी वेगळी शेड बांधली. जितकं घालत गेलो तितकं ते सोडवेना. पडलो तरी नाक वर, दुसरं काय? शेवटी मी भागीदाराला सोडलं आणि यंत्राला ठेवलं. आज त्याच्या दांड्यांना कामगारांचे डबे लटकतात आणि त्या कामात ते एकदाही बिघडलेलं नाही. भागीदाराने ते न्यावं किंवा नेऊ नये. सोबत एक चिठ्ठी आहे, तेवढी मात्र न्यावी. तिच्यात 'तू बरोबर होतास' एवढंच लिहिलं आहे. ती लिहायला मला एकोणीस वर्षं लागली.

कलम चार. 'माझ्या यशाची सात सूत्रं' या भाषणाचे कागद डाव्या ड्रॉवरमध्ये आहेत, ते उंदरांना. त्यांनी सुरुवात केलेलीच आहे. हे भाषण मी कारखानदारांच्या सभेत दहा वर्षं दिलं. खरी हकीकत अशी की पलीकडच्या गल्लीतला पाणसळवाला तब्येतीपायी धंदा बंद करून मुलीकडे राहायला गेला आणि त्याची सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. कावळा मात्र पुढची दहा वर्षं फांदी कशी मोडावी यावर भाषणं देत हिंडला. टाळ्या पडत होत्या, म्हणून कावळ्यालाही ते खरं वाटलं.

कलम पाच. आता ऑफिसातली फळी.

ही फळी माझ्या खुर्चीच्या मागे आहे, पाच फूट लांब. सव्वीस वर्षांपूर्वी या जागेत आलो त्या दिवशी मी स्वतः ठोकली. कामगार पाणसळ घेऊन धावत आला तर मी म्हटलं, "ठेव ती. इतकी वर्षं याच धंद्यात आहे, माझी नजर हीच पाणसळ." फळीवर घड्याळ आहे, पत्नीचा आणि माझा फोटो आहे, कारखानदारांच्या सभेने बक्षीस दिलेला काचेचा गोल पेपरवेट आहे, आणखी नऊ किरकोळ वस्तू आहेत. सव्वीस वर्षं येणाऱ्या प्रत्येकाला मी ती दाखवली. नजरेने ठोकलीय, म्हणायचो. लोक म्हणायचे, वा.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मी महिनाभर घरी होतो. परत आलो तो पहिला दिवस, वेळेच्या तासभर आधीच. पाहतो तर पेपरवेट जमिनीवर पडलेला आणि त्याच्या धक्क्याने फळीवरचं घड्याळ पाचरीवरून घसरून मान टाकून उभं. मी फळीवर पाणसळ ठेवली आणि बुडबुडा टोकाला जाऊन बसला. फळी उजवीकडे चांगलीच कललेली. मग एकेक वस्तू उचलून बघितली, तर प्रत्येकीखाली एक पाचर. लाकडाच्या चिपा, पत्र्याचा तुकडा, रबराचा गोल. सगळ्यात जुनी पाचर म्हणजे शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्याची चौघडी होती. तिच्यावर नवाचा पाढा छापलेला. एकूण अकरा भरल्या. बाराव्या जागेची, पेपरवेटची, झाडूवालीने पुसताना बाजूला काढली होती आणि परत लावायची राहिली होती.

जगाला सरळ काय ते सांगणारा कारखाना, आणि त्याच्या मालकाच्या डोक्यामागे वाकडी फळी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी सगळ्यांना बोलावून विचारलं, हे कोणी केलं? अखेर आमच्या तपासणीबाई बोलल्या. तीस वर्षं त्या शेवटच्या टेबलावर बसतात आणि पास-नापास ठरवतात. त्या म्हणाल्या, "कोणी एकाने नाही, मालक. ज्याला जे दिसलं त्याने ते टेकवलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"तुम्ही तरी सांगायचं!"

"पाणसळ अर्धी रेघ चुकली तर मी परत पाठवते. फळी हा माल नव्हता. ती तुमची होती."

त्या रात्री मी जेवलो नाही. मग एकाएकी मला हसू आलं ते थांबेना, आणि पत्नीने डॉक्टरांना फोन लावला. मला कोणी फसवलेलं नव्हतं. मला जपलं होतं, आणि जपता जपता मला काहीच कळू दिलं नव्हतं. सव्वीस वर्षं कोणी हरकत घेत नाही याचा अर्थ मी एकच काढला होता, की माझं बरोबर असतं.

कलम सहा. कारखाना माझ्या पश्चात धाकटीला मिळावा आणि तिनेच तो चालवावा. कारण असं की, या साऱ्या वर्षांत फळी वाकडी आहे हे मला एकाच माणसाने सांगितलं, आणि ती धाकटी. मला स्वच्छ आठवतं. ती लहान होती, तिने फळीवर गोटी ठेवली आणि म्हणाली, "बाबा, गोटी पळतेय." मी ऐकलं नाही, हा माझा दोष. उलट थोरला सतरा वर्षं माझ्या हाताखाली आहे आणि त्याच्या तोंडून 'तुम्ही म्हणाल तसं, बाबा' याखेरीज वाक्य निघालेलं नाही. नुसती री ओढणाऱ्याच्या हाती कारखाना गेला तर पुन्हा पाचरीच जमतील. थोरल्याला मोटार द्यावी.

(कलम सहावर आडवी रेघ मारली आहे. सही. का मारली ते पुढे.)

इथवर लिहून झाल्यावर मी साक्षीदारांना वाचून दाखवलं. समोरच्या दुकानातला चावीवाला लगेच पेन काढून तयार झाला. तपासणीबाई म्हणाल्या, "मी सही करणार नाही."

"का? साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, म्हणून? मी म्हटलं होतं, तुमच्या नावे काहीतरी ठेवतो. त्याऐवजी साक्षीदार व्हायचं तुम्हीच मागितलंत."

"मला काही नकोय. कलम सहा नापास आहे. गोटी थोरल्याची होती."

मी म्हटलं, मला डोळ्यांसमोर दिसतंय, धाकटीचा लाल फ्रॉक होता. त्या म्हणाल्या, "धाकटी तेव्हा पाच वर्षांची. तिचा हात तरी फळीला पोचला असता का?" आणि उठून आपल्या कपाटातून नापास मालाची सर्वांत जुनी वही घेऊन आल्या. पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. त्यांच्या बारीक अक्षरात नोंद होती ती अशी:

'वस्तू: ऑफिसातली फळी. दोष: कललेली. तपासणारा: मालकांचा मुलगा, वय नऊ. शेरा: मालकांनी पास केली.'

"पास कशी केली ते आठवतं?" त्यांनी विचारलं. मला आठवेना. "तुम्ही त्याचा कान धरलात, सगळ्यांसमोर उभं केलंत आणि त्याच्याकडून म्हणवून घेतलंत. बाबा म्हणतील ते सरळ. तीन वेळा."

त्या दिवशी मी कान एकाचाच धरला, पण धडा साऱ्या कारखान्याने घेतला. आणि ज्या वाक्यासाठी मी थोरल्याला मोटार देऊन वाटेला लावत होतो, ते वाक्य मीच त्याच्या तोंडी घातलं होतं. मला फार लाज वाटली. अजून वाटते.

त्याला आत बोलावलं. विचारलं, "फळी सरळ आहे का रे?"

"तुम्ही म्हणाल..." एवढं म्हणून तो थांबला. टेबलावरची वही त्याने ओळखली. तपासणीबाई चष्मा पुसत राहिल्या.

"फुटाला अर्धा इंच उतार आहे, बाबा."

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. वहीचा पुठ्ठा माझाच आहे. तुमचं घड्याळ पडून फुटलं असतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"बोललो होतो ना," तो म्हणाला, "एकदा."

संध्याकाळी धाकटीला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाबा, मला कारखाना नकोय हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलंय! ऐकता कधी?" तेही मला आठवत नव्हतं. लाल फ्रॉकही तिला कधी नव्हता म्हणे.

कलम सहा, दुसऱ्यांदा. कारखाना, नावासकट आणि देणी-घेणी, यंत्रं, माणसं यांसकट थोरल्याला. हाही भरून आलेल्या गळ्याचा निर्णय असेल, मागच्या चारांसारखा, ही शंका मला होती. म्हणून हा कागद तीन आठवडे तपासणीबाईंच्या कपाटात बंद ठेवला, आणि चौदाही कामगारांना नाव न घालता एकेक चिठ्ठी लिहायला सांगितली: थोरला मालक झाला तर काय बिघडेल, तेवढंच लिहा. तीन चिठ्ठ्यांत होतं की तो फार मऊ आहे. एकीत, तो मालाचे दर सांगताना चाचरतो. एकीत, पंखा दुरुस्त करा. उरलेल्या नऊ कोऱ्या होत्या. पूर्वी कोरा कागद म्हणजे होकार असं मी धरलं असतं. आता धरत नाही. त्या नऊ मी थोरल्याला देत आहे. त्या लिहून घेणं हे त्याचं पहिलं काम.

कलम सात. माझी खुर्ची इतर खुर्च्यांपेक्षा चार बोटं उंच आहे. ती मी मुद्दाम करवून घेतली होती. तिचे पाय कापावेत, आणि कापल्यावर पाणसळ लावून बघावी. माझ्या हातची पहिली पितळी पाणसळ धाकटीला, गोटी तिची नसली तरी. अकरा पाचरी ज्यांच्या त्यांना परत द्याव्यात. फक्त नवाच्या पाढ्याची माझ्यासोबत खिशात ठेवावी.

कलम आठ. फळी काढावी, सरळ करावी की आहे तशी ठेवावी, याविषयी माझं मत आहे आणि ते ठाम आहे. ते मी इथे लिहिणार नाही. थोरल्याला विचारावं.

हे सारं मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे. स्थळ: ऑफिसची खोली, फळीखाली. दिनांक सात, मंगळवार, सकाळचे अकरा. घड्याळाखाली सध्या पाचर नाही, तेव्हा वेळ मान वाकडी करून वाचली आहे.

सही: पाणसळवाला

साक्षीदार पहिला: समोरचा चावीवाला. सही.

साक्षीदार दुसरी: तपासणीबाई. सही. शेरा: कलम पाचमध्ये फळी उजवीकडे कलते असं लिहिलं आहे. खुर्चीत पाठ करून बसलं तर उजवीकडे. समोर उभं राहिलं की डावीकडे. हे मालकांना सांगितलं. त्यांनी उठून पाहिलं. बाकी पास.