ऑटोपायलट बंद, मुक्काम राहू

३ फेब्रुवारी, सोमवार
गावी, राहूला, आबांच्या घरी आलो. कंपनीने तीन आठवडे सुट्टी दिली आहे. सुट्टीच म्हणायचं. सिम्युलेटरच्या परीक्षेत परीक्षकाने ऑटोपायलट बंद केला आणि म्हणाला, हाताने उतरवा. दोनदा धावपट्टी हुकली. खुर्ची नीट सरकत नव्हती, नाहीतर उतरवलंच असतं. सतरा वर्षं विमान चालवलेल्या कॅप्टनला हे सांगणं म्हणजे कलेक्टरला बाराखडी विचारणं. फेरपरीक्षा २४ला.
संकल्प: उद्यापासून सगळं स्वतःच्या अकलेने. फोनमधला मॅपसुद्धा बंद.

५ फेब्रुवारी, बुधवार
मॅप उद्यापासून बंद. आज शेतावर जायचं होतं. मॅपवर आमचं शेतच नाही. आबांना विचारलं तर म्हणाले, "आरं संपत, तुझंच रान हाय न्हवं?" अर्ध्या वाटेतून परतलो. ऊन फार होतं.

८ फेब्रुवारी, शनिवार
सुषमाला फोन केला. उचलला नाही. ती आणि आमची अंकिता दीड वर्षं पुण्यात वेगळ्या राहतात. सध्या. मी घरी बोलत नाही ही तिची तक्रार. दिवसभर स्क्रीनकडे बघून आलेला माणूस काय बोलणार?
आबा जेवले की झोपतात. मग बोलायला कोणी नाही. फोनमधल्या बाईला उद्याचं हवामान विचारलं. तिने सांगितलं. बरं वाटलं. पुन्हा विचारलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
अंकिता येतेय! रविवारी, रेल्वेने केडगावला, १०.२०. दीड वर्षात पहिल्यांदा भेटणार. साडेबाराच्या गाडीने लगेच परत, सोमवारी पेपर आहे. म्हणाली, "बाबा, नक्की याल ना? नाहीतर आजोबांना सांगते." म्हटलं, मी विमानं वेळेवर पोचवतो.
आईचा विषय काढायचा नाही. सल्ले द्यायचे नाहीत. तिचं ऐकायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ८.१०
आबा म्हणाले, "मी येतो संगं. पारगावपास्नं उजवीकडं वळायचं." चाळीस वर्षं मेंढरं घेऊन कोकणात जाऊन आलेला माणूस. पण गाडीत अंकिता आणि मी दोघंच असावं असं वाटतं. नको म्हटलं. मॅपवर 'केडगाव' टाकलं, पहिलं आलं ते दाबलं. दोन तास पाच मिनिटं दाखवतोय. जरा जास्तच आहेत. उसाच्या ट्रॉल्या असतील. मॅप फक्त आजच्यापुरता. कॉल सायलेंट. कॉकपिटमध्ये गप्पा मारायच्या नसतात.

सकाळी १०.१६
चार मिनिटं आधी पोचलो! स्टेशन दिसत नाही.

सकाळी १०.३०
चहावाला म्हणाला, "सायेब, हे नगरचं केडगाव. तुमचं दौंडकडं ऱ्हायलं." फोनवर अकरा मिस्ड कॉल. अंकिताला लावला. म्हणाली, "बाबा, मी बाकावर बसलेय. या." दोन तासांचा रस्ता. पोचेन. मागचा वारा मिळाला तर आधीच पोचेन.

दुपारी १.१५, केडगाव स्टेशन, आपलं
न्हावऱ्याजवळ उसाच्या ट्रॉल्या खरंच होत्या. बाकावर आबा एकटेच. अंकिताचा फोन आल्यावर शेजारच्या कोंडिबांच्या मोटारसायकलवर बसून आले होते, पोरीला एकटं नको म्हणून. म्हणाले, "लई वाट बघितली तिनं. गाडी हालली तरी दारातच हुबी व्हती." मग म्हणाले, "शिरूर लागलं तवा तरी तुला कळाया पायजे व्हतं."
म्हटलं, कळलं नाही. सिस्टीमची चूक.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आबांशी खोटं बोललो. पारगावला डावीकडे वळलो तेव्हाच काहीतरी चुकतंय असं वाटलं. शिरूरला घोडनदीचा पूल आला तेव्हा तर खात्रीच झाली. त्या पुलापलीकडे आमचं केडगाव असूच शकत नाही, हे मला पहिलीत असल्यापासून माहीत आहे. गाडीचा वेग कमीसुद्धा केला. पण निळी रेघ सरळ जात होती, आणि बाई इतक्या शांतपणे 'सरळ जा' म्हणत होती की मी पुढे पन्नास किलोमीटर गेलो. तिकडे पोर बाकावर बसली होती. मला स्वतःचीच लाज वाटते.
अंकिताला मेसेज केला: 'मला रस्ता माहीत होता.'
तिने वाचला.