सहावी जागा

२७ जुलै २००७, शुक्रवार

आज घरात आलं: तांदूळ वीस पौंड, सोळा डॉलर. दूध दोन गॅलन, सहा. आणि वरच्या खोलीत भाडेकरू — टेरेन्स! भाडं साडेतीनशे, जेवण त्यातच. संग्राम तर हवेतच. "आई, प्रोफेशनल फुटबॉलवाला आपल्या घरी! ऑफिसात कुणाचा विश्वास बसत नाही." मी म्हटलं, अरे, टीममध्ये घेतलाय कुठे अजून? निवड चालू आहे. पण दारात आल्या आल्या बूट काढले त्याने. मला तेवढं पुरलं.

३ ऑगस्ट

खेळ समजावून घेतला. इथल्या अमेरिकन फुटबॉलात चेंडू हाताने फेकतात. वाइड रिसीव्हर म्हणजे लांब धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारे. सरावाला अकरा जण, ठेवणार सहा. पाच ठरल्यातच जमा. उरली एक जागा — आणि चुरस टेरेन्स आणि कोडी या दोघांत. बाकीच्यांना आशा नाही. हे दोघे एकाच गाडीतून सरावाला जातात, येताना माझ्या पुऱ्या खातात. विचारलं, भांडत नाही का रे? "मैदानावर भांडतो, मावशी." मावशी म्हणायला त्याला सूनबाईंनी, स्वानंदीने, शिकवलं.

८ ऑगस्ट

कोडीने अकरा पुऱ्या खाल्ल्या. मोजल्या नाहीत, दिसल्या.

१४ ऑगस्ट

टेरेन्स जिना एकेक पायरी करून उतरतो. सकाळी गाठलाच. मांडीची शीर. सराव करताना लचकली, सहा दिवस झाले. डॉक्टरला दाखवलं नाही — "लंगडतो असं कळलं की पहिला बाहेर, मावशी." हे त्याचं तिसरं वर्ष, तिसरी टीम. आई अलाबामात हॉस्पिटलच्या धुलाईघरात उभी असते, गुडघे गेलेत तिचे. जागा मिळाली तर तिला घरी बसवायचं आहे. "कुणाला सांगू नकोस." नाही सांगणार म्हटलं. आंबेहळदीचा लेप गरम करून दिला. देवापुढे पण बसले.

१६ ऑगस्ट

संग्रामने जेवताना विचारलं, "हा असा का चालतो गं?" सांगितलं. घरातच तर आहे. पोटच्या पोराला सांगणं म्हणजे काही कुणाला सांगणं नव्हे.

२४ ऑगस्ट, श्रावणी शुक्रवार

जिवतीची पूजा. पुरण घातलं. संग्रामला पाटावर बसवलं, शेजारी टेरेन्सला — पाट पुरेना, गुडघे छातीला! दोघांना ओवाळलं. संग्राम म्हणाला, "आई, याला कशाला? तो काय तुझा मुलगा आहे?" टेरेन्सला कळलं नाही, बरं झालं. लेपाने उतार आहे. काल धावला म्हणे, पूर्वीसारखा.

२९ ऑगस्ट

घात झाला. त्याच्या मांडीचं वर्तमानपत्राच्या साइटवर आलं! कोचने बोलावून पाय तपासायला लावला. "का लपवलंस?" एवढंच विचारलं. टेरेन्स जेवला नाही. "मी कोडीला एक शब्द बोललो नाही," म्हणतो. पण लेप दिला त्या दिवशी कोडी स्वयंपाकघरात होता. लेपाची वाटी ओट्यावरच होती. अकरा पुऱ्या घातल्या मी त्या मेल्याला!

१ सप्टेंबर, शनिवार

काढलं. खेळाच्या चालींची वही परत मागून घेतली आणि हातात विमानाचं तिकीट. सहावी जागा कोडीची.

तोच विमानतळावर सोडायला आला, गाडी घेऊन. काय तोंड! "मॅम, मी नाही सांगितलं." पाणीसुद्धा विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा दारात आलेल्याला तहानलेलं ठेवलं. वाईट वाटलं नाही.

टेरेन्सने वाकून मिठी मारली. आईच्या घरचा पत्ता लिहून दिला. फोन बंद करणार, म्हणाला, बिल परवडत नाही.

८ सप्टेंबर

दुपारी संग्रामच्या ऑफिसातला अनीश जेवायला. तोंडात घास तसाच, "यार संग्राम, तू तर फेमस! काकू, तुमच्या मुलाने फॅन लोकांच्या साइटवर टाकलं ना — घरची पक्की बातमी, टेरेन्सची मांडी गेलीय. अडीच हजार लोकांनी वाचलं! पेपरवाल्याने तिथूनच उचललं."

माझ्या हातात वरणाचं भांडं. स्वानंदी ताटाकडे बघत राहिली — तिला माहीत होतं!

संग्राम म्हणाला, "आई, आता सीन करू नकोस. तो कटच होणार होता. इट्स जस्ट अ गेम."

"तुला खेळ," म्हटलं. "त्याची आई कपडे धुते अजून."

"आणि सांगितलं कुणी मला? तूच ना?"

खरं आहे. तेच खरं आहे.

९ सप्टेंबर

पत्र स्वानंदीकडून लिहून घेतलं नाही. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीतच लिहिलं. मजकूर असा —

टेरेन्स, कोडीने सांगितलं नाही. मी सांगितलं. त्याची क्षमा मागायला आज त्याच्याकडे जाऊन आले. त्याने पाणी दिलं. तुझी माझ्याने कागदावर मागवत नाही, तुझ्या आईपुढे बसून मागायची आहे. बसने तीन दिवस लागतात, विचारून आले. घरात कुणाला सांगितलेलं नाही. आले तर दार उघडाल का, ते उलट टपालाने कळव.