सात नंबरची खोली

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! दूर गेलेल्यांचं घरसामान सांभाळायचं हे गोदाम. खाली बारा खोल्या, वर माझी एक. काम एकच, सामानाला ओल लागू द्यायची नाही. मालकांनी स्वतः फिरून दाखवलं. गाद्या भिंतीला टेकवायच्या नाहीत, पेट्यांखाली फळ्या, लोखंडी वस्तूंना तेलाचा हात, आणि प्रत्येक खोलीत पांढऱ्या खड्यांचा डबा. खडे हवेतली ओल ओढून घेतात, खाली पाणी साचतं. ते रोज मोजून ओतायचं.
नवरा गेल्यापासून सांत्वनाचा वीट आला होता. सामान बरं, विचारपूस करत नाही. ताईला फोनवर सांगितलं, तुझी बहीण आता बारा संसार सांभाळते. बऱ्याच दिवसांनी हसली ती.

१० तारीख
अकरा खोल्यांत चमचा-दोन चमचे पाणी. सात नंबरात अर्धा लीटर. सामान मात्र खडखडीत कोरडं. प्लंबर येऊन भिंती ठोकून गेला. इथून पाइपच जात नाही म्हणाला, पाणी काय तुम्हीच आणून ओतता का? मीही हसले.

१६ तारीख
ताई येऊन गेली. किती वाळलीस गं, म्हणाली. दिवसभर घटाघटा पाणी पिते, तरी ओठ फुटतात. बोटांची टोकं बधिर झालीत. सुई टोचून पाहिली. रक्त आलं नाही. नवल वाटायला हवं होतं.

१९ तारीख
सामान तोलायच्या काट्यावर उभी राहिले. कालच्यापेक्षा पाऊण किलो कमी. सात नंबरच्या डब्यात पाऊण लीटर.
मालकांना सांगितलं. सामान कोरडं आहे ना, एवढंच विचारलं त्यांनी. हो म्हटलं. मग झालं तर. आधीच्या बाईही असंच काहीबाही बोलायच्या म्हणे. त्या कुठे गेल्या, विचारलं. काय की, म्हणाले. चपला तेवढ्या सात नंबरात सापडल्या.

२० तारीख
तिथला डबा लांब नेऊन फेकला. दुपारी खोलीच्या मधोमध फरशीवर पाणी. बोट बुडवून चाखलं. खारट. नवरा गेला तेव्हा डोळ्यांतून न आलेलं — ते इथे —
दाराला कुलूप लावलं.

२२ तारीख
जिना उतरवत नाही. भीती वाटते, पण लांबून. शेजारच्या घरात कुणी रडावं तशी.
येऊ नकोस सांगायला ताईला फोन लावला. घशातून नुसती खरखर. ती घाबरून म्हणाली, थांब, निघालेच.

२३ तारीख
सकाळ. ताई खाली आलीय. हाका मारतेय, मी कुठे ते विचारतेय. ओ देता येत नाही.
कुलूप पडल्याचा आवाज. मी तर नीट लावलं —
आत गेली. म्हणतेय, बाई, किती कोरडं ठेवलंयस सगळं.
आता खोकतेय. कोरडा खोकला. थांबत नाही. पाणी मागतेय —
उठायला हवं. पाय —
ताई, बाहेर ये, ता