बेडकाचा डाग

८ जुलै
काव्याच्या दंडावर फिकट चट्टा उठलाय. आंघोळ घालताना दिसला. रुपयाएवढा. खाजत नाही, दुखत नाही म्हणते. सासूबाई लगेच म्हणाल्या, "बेडूक मुतला असंल. हौदापाशी धरून बसती की ती." खरं आहे ते. दुसरीतली पोरगी, पण बेडूक तळहातावर घेऊन त्याच्याशी गप्पा मारते.

१५ जुलै
कडुलिंब वाटून लावतेय. फरक नाही. शुक्रवार पेठेत गोष्ट फिरायला वेळ लागत नाही — समोरच्या महेश्वरीनं तिच्या मुलीला आमच्याकडं पाठवणं बंद केलं. "राग मानू नका वहिनी, पण बेडकाचं लागतंय म्हणतात." काव्या संध्याकाळभर उंबऱ्यावर बसून होती.

१६ जुलै
सकाळी पुन्हा हौदापाशी. हातात बेडूक. माझं डोकंच फिरलं. हात झटकून तो खाली पाडला आणि त्याच्यावर मूठभर मीठ टाकलं. तडफडून मेला. ती रडली नाही. नुसती बघत राहिली — बेडकाकडं नाही, माझ्याकडं.

१७ जुलै
माझ्याशी बोलत नाही. जेवण आजीकडून वाढून घेतलं.

२९ जुलै
चट्टा वाढलाय. आज गरम इस्त्री तिच्या दंडाला, नेमकी त्यावरच लागली. फोड आला, आणि पोरीला पत्ताच नाही! यांना म्हटलं, आता पाला-बिला बास. दवाखान्यात चला.

३० जुलै
डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला लावले. "कापूस जिथं लागेल तिथं बोट ठेव." मनगटावर ठेवलं, कोपरावर ठेवलं. चट्ट्यावरून कापूस फिरला तरी गप्प.
कुष्ठरोग.
त्या म्हणाल्या, "गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. शाळासुद्धा बंद करू नका." मी बेडकाचं विचारलं. "बेडकाचा काही संबंध नाही हो. हा माणसाकडून माणसाला होतो. उपचार न घेतलेल्या माणसाच्या दीर्घ सहवासानं. घरातल्या सगळ्यांना तपासून घेऊ."
रिक्षात काव्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "मग त्याला का मारलंस?"
घरी सासूबाई उसळल्या. "माझ्या प्रभुलिंगाला, मला, तुला — कुणाला हाय हितं तसला रोग?"

३१ जुलै
दिवसभर सासूबाईंच्या हातावरच्या डागांकडं बघत होते. त्यांच्याही ते लक्षात आलं. पदर ओढून घेतला.

२ ऑगस्ट
आरोग्य केंद्राच्या बाई घरी तपासायला आल्या. यांना काही नाही. सासूबाईंना काही नाही, ते डाग वयाचे.
मग दार लावून मला तपासलं. पाठभर चट्टे आहेत म्हणाल्या, फिकट, जुने. मला कधी दिसलेच नाहीत.
काव्या मागं उभी होती. म्हणाली, "आई, मी तुझ्या पाठीवर हात ठेवलाय."
मला कळलं नव्हतं.