सुलतानपूरच्या विहिरीवर दाबलेलं बटन

बाबा, आज सुलतानपूरहून आले ती हातही न धुता लिहायला बसले. तुम्ही असता तर ओरडला असता, "काऊन वं, काळे हात कागदाले लावून राह्यली?" लावून राह्यली, काय करता! तुम्ही गेलात, मेहकरच्या आपल्या दुकानाला कुलूप लागलं आणि जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देणारा माणूसच आसपास उरला नाही. तुम्ही शिकवलेली पोरं पुण्याकडे कंपन्यांत गेली. आता विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती जालन्याला नेतो आणि तिथं नंबर लागेस्तोवर इकडे गहू माना टाकतो. मग सरकारला जाग आली. ज्या कामांना माणसं मिळत नाहीत ती शिकवणाऱ्याला अनुदान द्यायचं ठरलं आणि त्यात मोटार भरण्याचं काम होतं. तुमचं काम, बाबा! मी दुसऱ्याच दिवशी बायकांना हे काम शिकवायचा अर्ज केला. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, बायकांची बॅच आहे तर ब्युटी पार्लर घ्या, शिवणकाम घ्या." म्हटलं, "साहेब, बंद पडलेली मोटार फेशियल करून चालू होते का?" हसले बिचारे, पण मंजुरी दिली. अट एकच घातली. शिकलेल्या बायकांना याच धंद्यात काम मिळालं पाहिजे, नाहीतर पुढची बॅच नाही.

मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. दुकानातली लाइट गेलेली, म्हणून तुम्ही मोटार घरी आणली आहे. आई भाकरी थापते आहे आणि तिच्या चुलीच्या उजेडात तुम्ही तार भरता आहात. मी शेजारी येऊन बसते. "पोरीचं काम नोहे हे," असं म्हणता म्हणता तारेचं टोक तुम्ही माझ्याच हातात देता. पुढे दुकानातलं सगळं काम मला करू दिलंत, पण शेतावर कधी नेलं नाही. आपल्याकडची रीत अशी, की मोटार भरणाऱ्यानंच विहिरीवर जायचं, शेतकऱ्यानं नारळ फोडायचा आणि पहिलं बटन त्या भरणाऱ्यानं दाबायचं. ज्यानं बटन दाबलं तो मिस्तरी. मी भरलेल्या मोटारींची बटनं तुम्ही दाबून यायचात. लोक काय म्हणतील, एवढंच तुमचं म्हणणं. मला फार राग यायचा, बाबा. अजून येतो.

आज आमच्या बॅचची पहिली मोटार विहिरीत सोडली. भरली होती हिवरा आश्रम गावच्या एका सुनेनं, एकटीनं. लाइट आली, तसा शेतकरी काकांनी नारळ काढला आणि आमच्या दोघींच्या डोक्यांवरून पाहत विचारलं, "मिस्तरी कुठी हाय?"

"ही काय, समोर उभी."

"मजाक करता का बाई? माह्या गव्हाचा सवाल हाय. बटन मी दाबतो."

"मग नारळ पिशवीत टाका, काका," मी म्हटलं. "मोटार हिनं भरली, बटन हीच दाबणार. नाहीतर मोटार वर काढते अन् घेऊन जाते."

बांधावर आजूबाजूचे शेतकरी जमले होते. ही मोटार चालली नसती तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं आणि बायकांकडे कुणी मोटार टाकली नसती. काकांनी कुरकुरत नारळ फोडला. तिनं बटन दाबलं. मोटार घुमली, पण पाइपातून आली करंगळीएवढी धार. बांधावरून एक जण बोललाच, "बायाची मोटार, पानी बी लाजत देते!" सगळे खो खो हसले. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मात्र माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मेन स्विच पाडला, स्टार्टर उघडला आणि दोन वायरींची अदलाबदल केली. "उलटी फिरून राह्यली होती, काका. तुमच्या लाइनीत फेज बदलले हायेत. मोटारीले काई झालं नाई." पुन्हा बटन दाबलं. पाइपातून पाण्यानं अशी उसळी मारली की काकांचं धोतर भिजलं. त्यांनी धारेखाली हात धरून पाण्याचा जोर पाहिला. मग तिला म्हणाले, "माह्या साडूची बी मोटार जळून पडली हाय. आणून टाकू का तुह्याकडे?" मला नाही, तिला विचारलं.

उद्या साहेबांकडे जाऊन दुसरी बॅच मागणार आहे. नाही म्हणाले तर परवा पुन्हा जाईन. मी काय अशी सोडणारी आहे का! या बायकांच्या हातचं काम आता गावोगाव जाईल, तुम्ही बघालच. हे लिहिलेलं आईला दाखवणार नाही, ती रडत बसेल. पण एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकते. तिचा हात बटनाकडे गेला तेव्हा मला तिचा हेवा वाटला, बाबा. तिच्या मागं तिला शिकवणारं माणूस उभं होतं, आणि ते "दाब" म्हणत होतं.