तितकंसं सोयीचं नाही

४ मार्च
बायको, हिलेखीन, काल परतली. अस्सेनला बहिणीकडे, रुलीकडे, दोन रात्रींसाठी म्हणून गेली आणि आठवडाभर राहिली. कोट काढता काढता म्हणाली, लुबर्ट, आपल्या घरात हल्ली तितकंसं बरं वाटत नाही. 'तितकंसं'चा अर्थ मला कळतो. आमच्या ड्रेन्थ प्रांतात छप्पर उडालं तरी माणूस म्हणतो, आज जरा वारा आहे. आता पुन्हा गेली तर तिकडेच राहील. ते होता कामा नये.
विचार केला. कारण सापडलं. मी चुका तोंडावर सांगतो. लोकांच्या घरी किचन बसवणं हा माझा धंदा, तो मी कुणाकडे शिकलो नाही. काटकोनाचा गुण्या आणि लेव्हल घेऊन स्वतःच शिकलो. वाकडं दिसलं की बोलायचं, ही सवय. पण सूर बदलता येईल.
ठराव : यापुढे चूक सौम्य शब्दांत.
(चुका न सांगणं हा उपाय नव्हे. मग त्या राहतील.)

५ मार्च, सकाळ
पद्धत ठरवली. 'जरा' म्हणजे दुरुस्त कर. 'तितकंसं सोयीचं नाही' म्हणजे उखडून नव्याने कर. 'छान आहे' हे सुरुवातीला लावायचं, धक्का बसू नये म्हणून.
न्याहारीला पहिला प्रयोग. म्हणालो, छान आहे, पण कॉफी जरा लाजाळू झालीये. तिने स्वतःचा कपही सिंकमध्ये ओतला. लगेच परिणाम! समाधानी असावी.

९ मार्च
संडासातल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर (आमच्याकडे ते तिथेच टांगतात) तिने रुलीचं नाव एक ओळ वर, म्हणजे एक दिवस आधी लिहिलंय. पूर्वी हाक मारून बोलावलं असतं. आता पेन्सिलने नाजूक बाण काढला आणि लिहिलं : 'छान. पण रुली बहुधा उद्या जन्मली.' विनोदही साधला.
संध्याकाळी कॅलेंडर भिंतीवर नव्हतं. नव्याने लिहून काढत असणार.

१४ मार्च
कामावरही पद्धत लावली. शेजारचा हार्म माझ्या किचनांच्या भिंती रंगवतो. त्याने भयंकर हिरवा लावला होता. म्हणालो, हार्म, छान आहे, रंग जरा उत्साही आहे. तो म्हणाला, हो ना रे! आणि जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर असताना दुसरी भिंतही तशीच रंगवली. त्या घरच्या बाईंनी सगळं खरवडायला लावलं.
पद्धतीत दोष नाही. हार्मचा कानच जाड.

२२ मार्च
हिलेखीनचा वाढदिवस. खुर्च्या गोलात मांडल्या (गोल तिने मांडला होता, अंडाकृती झाला होता, न बोलता सरकवल्या). रीतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. हार्म माझा हात दाबत म्हणाला, अभिनंदन लुबर्ट, अशी बायको मिळाल्याबद्दल. आज केक खाणार की मोजणार?
सफरचंदाचा टार्ट तिनेच केला होता. कडा काळपट. मी म्हणालो, छान आहे, कडा जरा धाडसी आहेत. रुली म्हणाली, लुबर्ट, हे सगळं तू आपलं आपणच शिकलास ना? म्हटलं, हो. म्हणाली, वाटलंच.
तिच्याकडून कौतुक क्वचित मिळतं.
हिलेखीन स्वतःची बशी घेऊन आत गेली ती बाहेर आली नाही. मी गेलो. ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, लुबर्ट, माझं काहीतरी बरोबर असतं का रे?
मी मोठ्या मनाने म्हणालो, बरंचसं.

२४ मार्च
सकाळी म्हणाली, जरा रुलीकडे जाऊन येते. दोन सुटकेसा, शिलाई मशीन, सूपचं मोठं पातेलं. सायकल गाडीच्या मागच्या रॅकवर. पट्टा सैल होता. म्हणालो, हा पट्टा तितकासा… ती म्हणाली, घट्ट कर आणि गप्प बस.
इतकं सरळ ती कधी बोलत नाही. दगदग झाली असेल. 'जरा' म्हणाली आहे, म्हणजे रविवारपर्यंत येईल.

३० मार्च
रविवार होऊन गेला.
एका जागी बसवत नाही. वर्कशॉप आवरलं, परत पसरलं. एकच फळी दोनदा कापली, दुसऱ्यांदा तोकडी. कॉफी केली, प्यायची राहिली. फोन उचलला, ठेवला, उचलला.
हार्म कुंपणावरून म्हणाला, कधी येणार? म्हटलं, जरा गेलीये. म्हणाला, बाबा रे, शिलाई मशीन घेऊन कुणी जरा जात नाही.

४ एप्रिल
रुलीचा फोन. हिलेखीनने अस्सेनला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी म्हणालो, हे तितकंसं सोयीचं नाही. रुली म्हणाली, तिला सोयीचं आहे.
उद्या जातो. ठराव : एकही चूक काढायची नाही. फक्त कौतुक. सरळ, साधं. मग म्हणायचं, घरी चल.
गाडीत बसून 'छान आहे' मोठ्याने म्हणून पाहिलं. 'पण' आपोआप येतं. पुन्हा म्हटलं.

५ एप्रिल
गेलो. दार तिनेच उघडलं. हातात स्क्रूड्रायव्हर. भिंतीवर फळी लावली होती, स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय. त्यावर कप मांडले होते. मला म्हणाली, ये. कॉफी दिली. मी फळीकडे पाहिलं. डोळ्याने पाहिलं, मग तिची नजर चुकवून बोटाने कड तपासली.
म्हणालो, हिलेखीन, फळी छान आहे.
ती थांबली. म्हणाली, पण?
म्हटलं, पण नाही. छान आहे.
ती म्हणाली, कुठल्या बाजूला उतरलीये, ते सांग.
कुठेच नाही. छान म्हणजे छान.
ती थकल्यासारखी हसली. म्हणाली, राहू दे लुबर्ट, सगळी भाषा पाठ झालीये मला. तिने एकेक करून कप खाली काढले. मी म्हणालो, घरी चल. ती कप काढत होती. पुन्हा म्हणालो. ती म्हणाली, आधी हे नीट करते. दारापर्यंत आली. दार लावलं.
जिन्यात उभा राहिलो. आतून स्क्रू काढल्याचा आवाज आला.
फळी खरंच सरळ होती.