लाल दोऱ्याच्या सहा बादल्या

आई,

गच्चीवर टमाट्याच्या बारा बादल्या आहेत आणि बाराही झाडं उभी आहेत. त्यातल्या सहांच्या कडीला लाल दोरा आहे. तो नजर लागू नये म्हणून नाही, खूण म्हणून मी बांधलाय.

दिवाळीत दोन रोपं वाळली, तेव्हा तू कोकिळावहिनीकडे बघून म्हणालीस, "बठ्ठा इटाळना परताप शे." मी त्या बादल्या उपड्या केल्या. दादाने तळाला भोकंच पाडली नव्हती. पाणी साचून मुळं कुजली होती.

तरी तुझं विटाळाचं म्हणणं तपासलं. नव्या बारा बादल्यांत माती, शेणखत सारखंच भरलं. लाल दोऱ्याच्या सहा वहिनी आणि मी, आम्ही दोघींनीच सांभाळल्या, अडचणीच्या दिवसांत तर आवर्जून. तू दुपारी निजलीस की आम्ही वर. बाकीच्या सहांना फक्त तुझा हात.

रविवारी नवलमामांना चटणी वाढताना तू म्हणालीस, "असे टमाटे बाजारात भेटत नाहीत." ते आमच्या बादल्यांतले होते. वहिनी तोंडाला पदर लावून उगाच खोकत नव्हती.

आज वहिनीच्या अडचणीचा पहिला दिवस आहे. मी मुलाखतीसाठी धुळ्याला जातेय, उद्या येईन. तिला गच्चीवर जाऊ दे. पारोळ्याला त्या दिवसांत तुलाही मिरचीच्या वाफ्यातून उठवायचे, हे तूच सांगितलंस. ती मिरची कोणी तोलली नव्हती.

दिपमाला

ता. क. आजवरचे टमाट्यांचे सगळे तोडे काट्यावर तोलले. तुझ्या सहा बादल्या: अकरा किलो दोनशे ग्रॅम. आमच्या सहा: अकरा किलो साडेतीनशे.